कपकेक आवडतो ना? मग त्यावरच्या ठिणगीबद्दलही बोलू

तुम्हाला कपकेक आवडतो का? मला आवडतो. म्हणजे 'समोर आला तर खाईन' इतपत नाही. चिंचवड स्टेशनपासून चापेकर चौकापर्यंत कुठल्या काउंटरवर कुठला फ्लेवर किती वाजेपर्यंत शिल्लक राहतो, हे पाठ असण्याइतका आवडतो. तेव्हा पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा, की हे कपकेकच्या शत्रूने लिहिलेलं नाही.

कपकेक हा आपल्या वयाचा केक आहे. अर्धा किलोचा केक आणायचा म्हणजे आधी ग्रुपवर काँट्री काढा. दोघं पैसे देणार नाहीत, एकजण 'एगलेसच हवा' म्हणणार, एकीला पाइनॅपल चालत नाही. कपकेकला ही भानगडच नाही. ज्याचा त्याचा वेगळा, कागद सोलला की शेवटच्या घासापर्यंत पूर्ण आपला. बॅकलॉग निघाला, प्रोजेक्ट सबमिट झाला, कॅम्पस इंटरव्ह्यूचा पहिला राउंड पार पडला, असल्या छोट्या आनंदांना अख्खा केक जरा जास्तच होतो. शिवाय आपल्या शहरात एक जादा फायदा. तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकला म्हणून गुन्हा दाखल, ही बातमी पिंपरी-चिंचवडच्या पानांवर अधूनमधून येतच असते. कपकेक तलवारीने कापून दाखवा बरं!

पण हा छोटासा केक आपल्या हातात येतो तेव्हा त्याच्या मागे सरकारी कर असतो, जगाचा बाजार असतो आणि आपल्याच शहरातल्या काही बायकांचे हात असतात. त्या हातांची नोंद कुठे होते आणि कुठे होत नाही, हा आजचा विषय आहे.

सात कप वडीचा चुलतभाऊ

नाव इंग्रजी असलं तरी कपकेकचा स्वभाव आपल्या ओळखीचा आहे. १७९६ साली अमेलिया सिमन्स यांच्या अमेरिकेत छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकचा उल्लेख आहे. पुढे १८२८ साली एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात 'कप केक' हे नाव दिसतं. यातल्या 'कप'चे दोन अर्थ लावले जातात. एक, भाजायचं भांडं. दुसरा, मोजायचं माप. तराजूवर वजन करत बसण्यापेक्षा कपाने लोणी, साखर, मैदा मोजला की काम झालं.

आपल्या आज्ज्या हेच करत आल्या आहेत. सात कप वडी आठवा. बेसन, ओलं खोबरं, दूध आणि तूप एकेक कप, साखर तीन कप. झाले सात. म्हणजे कपकेक मुळात घरात, हाताशी असलेल्या मापाने करायची गोष्ट आहे.

दुकानवाल्यांनी मधल्या काळात त्याची फॅशन केली. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला कपकेकची मोठी लाट आली. क्रम्ब्ज नावाची तिथली एक साखळी तर थेट शेअर बाजारात उतरली आणि जुलै २०१४ मध्ये तिने आपली सगळी दुकानं एका फटक्यात बंद केली. फॅशन ओसरली, कपकेक मात्र राहिला, कारण तो करायला दुकान लागत नाही. एक ओव्हन पुरतो.

हाच ओव्हन आपल्याकडे २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत तापला. बरेच नंतर माळ्यावर गेले, पण काही थंड झालेच नाहीत. पिंपरी-चिंचवडची ओळख कारखान्यांची. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांपर्यंत इथली घरं शिफ्टच्या घड्याळावर चालतात. घरातला एकजण फर्स्ट शिफ्टला जातो, मुलं शाळेत जातात आणि मधल्या वेळात स्वयंपाकघराच्या ओट्यावर बाराच्या ट्रेमध्ये कपकेक फुगत असतात. बिजलीनगर, वाल्हेकरवाडी, थेरगाव, काळेवाडी, कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जा, 'ऑर्डर घेते' म्हणणारी एखादी ताई सापडेलच. या लेखात तिचा हिशेब महत्त्वाचा आहे.

अठराचे पाच झाले, पण कुणासाठी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री आणि बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चॉकलेटचंही तसंच. बटर आणि चीज १२ वरून ५ वर आले. अमूलचं १०० ग्रॅम बटर ६२ रुपयांवरून ५८ रुपयांना झालं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता जरा गणित करू. हिशेब सोपा जावा म्हणून कपकेकची करापूर्वीची किंमत १०० रुपये धरा. नोंदणीकृत मोठी बेकरी तो पूर्वी करासह ११८ रुपयांना विकायची, आता १०५ ला. घरून विकणाऱ्या ताईची उलाढाल लहान असते. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ती गिऱ्हाइकाकडून कर घेतच नव्हती, त्यामुळे तिचा कपकेक तेव्हाही १०० चा आणि आताही १०० चा. बटर आणि चॉकलेटमध्ये तिचे काही रुपये वाचले, हे खरं. पण आधी मोठ्या बेकरीपेक्षा ती १८ रुपयांनी स्वस्त होती, आता फक्त ५ रुपयांनी आहे.

त्यात आणखी एक गोम आहे. मोठी बेकरी कच्च्या मालावर आणि सामानावर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करून घेऊ शकते. नोंदणी नसलेल्या ताईला ती सोय नाही. ओव्हनवर, खोक्यांवर तिने जो कर भरला तो तिच्याच खिशातून गेला. म्हणजे कर कमी झाल्याने गिऱ्हाईक म्हणून आपला फायदा झाला, पण स्पर्धेत घरची ताई थोडी मागे ढकलली गेली. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण धोरणाच्या बातमीत 'स्वस्त' हा शब्द दिसला की 'कुणासाठी?' हा पुढचा प्रश्न विचारायची सवय आपल्याला हवी, ती यासाठी.

याच ताईने त्याआधी कोकोचा फटकाही खाल्लेला असतो. जगातला सर्वाधिक कोको पश्चिम आफ्रिकेत, आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये पिकतो. तिथली पिकं बिघडली आणि २०२३ च्या सुरुवातीला टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात १२ हजार डॉलरच्या वर गेला. पुढे तो खाली आला. पण भाव चढलेले असताना चिंचवडच्या ओट्यावर पर्याय दोनच होते. किंमत वाढवा, नाहीतर खऱ्या चॉकलेटऐवजी 'कंपाउंड' वापरा. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं. ते विष नाही, पण चॉकलेटही नाही. तुमच्या कपकेकमध्ये दोन्हींपैकी काय आहे, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

शंभर रुपयांची ओळख

मग ताईकडे उरतं काय? चव आणि विश्वास. चवीचा निकाल जिभेवर लागतो. विश्वासाचं काय?

शेजारच्या कर्नाटकात २०२४ मध्ये अन्नसुरक्षा विभागाने केकचे २३५ नमुने तपासले. त्यातले १२ असुरक्षित निघाले, कृत्रिम रंगांमुळे. रेड व्हेल्व्हेट आणि ब्लॅक फॉरेस्टसारख्या दिसायला भडक केकबद्दल तिथे खास इशारा देण्यात आला. बातमी आली तेव्हा 'केक खाल्ला तर कॅन्सर' अशा मथळ्यांनी फोन भरून गेले होते. पण आकडा नीट वाचा. २२३ नमुने ठीक होते. म्हणजे घाबरून केक सोडायची गरज नाही. नेमके कोणते १२ वाईट आहेत हे शोधता आलं पाहिजे, आणि ते शोधायचं तर केक कुणी केला हे आधी माहीत हवं.

त्यासाठी आपल्याकडे व्यवस्था आहे. अन्नपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला एफएसएसएआयकडे नोंद करावी लागते, घरून विकणाऱ्यालाही. छोट्या उलाढालीला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिची फी वर्षाला १०० रुपये, आणि त्यातून १४ आकडी नंबर मिळतो. एका चांगल्या कपकेकइतक्या पैशात वर्षभराची ओळख. तरीही कित्येक खोक्यांवर हा नंबर दिसत नाही. कधी माहिती नसते, कधी फॉर्मची भीती असते, कधी 'एवढुशा धंद्याला कशाला?' असं वाटतं. आणि खरं सांगायचं तर आपण कधी विचारतच नाही.

नोंदणी नसली म्हणून घरचा कपकेक वाईट ठरत नाही. पण काही बिघडलं तर माग काढायला पत्ता उरत नाही. ताईच्या बाबतीत निदान सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर आणि तिचा चेहरा आपल्याला माहीत असतो. कपकेकवर जी वस्तू लावली जाते, तिच्या बाबतीत तेवढंही नसतं.

तळवडे, ८ डिसेंबर २०२३

कपकेकचा, केकचा वाढदिवसाचा फोटो डोळ्यांसमोर आणा. त्यात बहुतेक वेळा एक चकचकीत नळी उभी असते. ती पेटवली की चर्रर्र आवाज करत पांढऱ्या ठिणग्या उडतात, सगळे 'ए, व्हिडिओ घे' म्हणून ओरडतात आणि अर्ध्या मिनिटात खेळ खल्लास. स्पार्कल कँडल. नाव मेणबत्तीचं असलं तरी तिची जात फुलबाजीची. आत मेण नसतं, पटकन पेट घेणारी दारू असते आणि ठिणग्यांसाठी धातूची बारीक पूड. पण ती मिळते केकच्या सामानाच्या दुकानात, चमचे-टोप्या-फुग्यांच्या शेजारी.

निगडीच्या पुढे, देहूच्या वाटेवर तळवडे आहे. शुक्रवार, ८ डिसेंबर २०२३ च्या दुपारी तिथल्या एका छोट्या कारखान्यात आग लागली. तिथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या याच स्पार्कल कँडल तयार होत होत्या. त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला. नंतरच्या दिवसांत रुग्णालयात भाजलेल्यांपैकी आणखी काही जण गेले आणि मृतांचा आकडा दहाच्या वर पोहोचला. मृतांत आणि जखमींत बहुतेक महिला कामगार होत्या. कारखान्याला आवश्यक परवानग्या नव्हत्या, हे नंतर यंत्रणांनीच सांगितलं. मालकांवर गुन्हा दाखल झाला, चौकशा जाहीर झाल्या, नेते भेट देऊन गेले. आणि त्याच आठवड्यात शहरातल्या वाढदिवसांना स्पार्कल कँडल तशाच पेटत राहिल्या.

आपल्यापैकी कितीजणांना हे आठवतं? चिंचवडमध्ये राहणाऱ्यांसाठी ही 'कुठेतरी' घडलेली घटना नव्हती. त्या बायका आपल्याच महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या, आपल्याच पीएमपीच्या बसने जाणाऱ्या होत्या. आपल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओसाठी लागणारी नळी त्या भरत होत्या.

ही नळी पेटवणाऱ्यालाही सुरक्षित नाही. १ जानेवारी २०२६ च्या पहाटे स्वित्झर्लंडच्या क्रां-मोंताना गावातल्या एका बारमध्ये लागलेल्या आगीत किमान ४० जणांचा जीव गेला. त्यात बरीच मुलं आपल्या वयाची, काही आपल्याहून लहान होती. शॅम्पेनच्या बाटल्यांना लावलेल्या अशाच ठिणग्यांच्या नळ्या छताजवळ गेल्या आणि आग लागली, असं तपास यंत्रणांनी सुरुवातीलाच सांगितलं. श्रीमंत देशातला बार असो की तळवड्यातला पत्र्याचा कारखाना, आतली दारू एकाच पद्धतीने पेट घेते. फरक इतकाच, की स्वित्झर्लंडच्या आगीची बातमी जगभर गेली आणि तळवड्याची आपल्या शहरातही टिकली नाही.

पाडलं म्हणजे संपलं?

यावर एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. 'बेकायदा आहे ना, मग पाडून टाका.' फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने तसं केलंही. भंगाराची गोदामं, पत्र्याची शेड, छोटे कारखाने अशी हजारो बांधकामं बुलडोझरखाली गेली. तिथे आगी सारख्या लागत होत्या, हे खरंच आहे. पण शेड पडली म्हणून त्यातलं काम बंद होत नाही. मागणी असेपर्यंत ते हद्दीबाहेरच्या दुसऱ्या शेडमध्ये, दुसऱ्या पत्र्याखाली उभं राहतं. तिथली बाई तितकीच बिनानोंदीची राहते.

कायदा काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असले तर त्याला कारखाना म्हणायचं, वीज नसेल तर ४०. त्यापेक्षा लहान जागा या व्याख्येतून निसटतात. मात्र सरकारने धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामांना संख्येची ही अट लागू न करण्याची सोय त्याच संहितेत आहे. ठिणगीची दारू नळीत भरण्याचं काम धोकादायक नसेल तर मग कुठलं असेल? अशा कामात एक बाई असो की एकोणीस, तपासणी व्हायलाच हवी.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. नियम कडक केले की छोटे धंदे बंद पडतात, बायकांचा रोजगार जातो. घरभाडं, मुलांची फी हे सगळं त्या रोजावर चालतं. घरी बेकिंग करणाऱ्या ताईच्या बाबतीत हा आक्षेप मला पटतो. म्हणून तिच्यामागे दंडाची पावती घेऊन लागण्याऐवजी प्रभागात शिबिर लावा, फॉर्म भरून द्या, १०० रुपयांत नंबर द्या. तिचा धंदा यानेच वाढेल. ठिणगीच्या नळीच्या बाबतीत मात्र तो पटत नाही. ती फटाकाच आहे, तेव्हा ती फटाक्यांचा परवाना असलेल्या जागीच बनायला हवी. त्याने ती महाग झाली तर होऊ दे. कपकेक तिच्याशिवायही तितकाच गोड लागतो.

आता हे कुणाला सांगायचं, याचंही उत्तर नव्याने मिळालं आहे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून आपली महापालिका प्रशासकाच्या हाती होती. तळवड्याची आग लागली तेव्हा जाब विचारायला एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि आता प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहेत. आपल्यातल्या अनेकांनी त्या दिवशी महापालिकेसाठी पहिल्यांदाच बोटाला शाई लावून सेल्फी टाकला. मग त्याच नगरसेवकाला विचारा की प्रभागातल्या छोट्या कारखान्यांची यादी महापालिकेकडे आहे का, त्यात ज्वलनशील माल कुठे आहे आणि अग्निशमन दलाने शेवटची तपासणी कधी केली. लेखी विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.

आपल्या हातात काय आहे?

कपकेकचं गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर आपणच आहोत. फ्रेशर्स, फेअरवेल, ट्रॅडिशनल डे, रूममेटचा वाढदिवस, ऑर्डर आपणच देतो. त्यामुळे काही गोष्टी आपल्यापासून सुरू होऊ शकतात.

ऑर्डर देताना 'तुमचा एफएसएसएआय नंबर काय?' असं सरळ विचारा. अविश्वास म्हणून नाही, चौकशी म्हणून. नसेल तर ताईला कसा काढायचा ते सांगा. आपल्याला ऑनलाइन फॉर्म भरायची सवय आहे, अर्ध्या तासाची मदत करून टाका. ज्यांचा कॉमर्सचा किंवा फूड टेक्नॉलॉजीचा प्रोजेक्ट रखडलाय, त्यांना यातून विषयही मिळेल.

पाच रुपयांच्या फरकासाठी घरच्या ताईशी घासाघीस करू नका. मोठ्या दुकानात छापील किमतीवर आपण कधी हुज्जत घालत नाही, तिच्याकडेच का?

चॉकलेट खरं आहे की कंपाउंड, हे विचारा आणि खऱ्याचे दोन पैसे जास्त द्या. रंग जितका भडक, तितका प्रश्न आधी.

आणि ऑर्डरच्या शेवटी दोन शब्द जोडा. 'स्पार्कल नको.' खोक्यात फुकट टाकली असली तरी परत करा. कॉलेजच्या कार्यक्रम समितीत असाल, तर बंद हॉलमध्ये ती पेटवायची नाही असा ठराव करून घ्या. मागणी घटली की दुकानदार ती ठेवणं बंद करतो. त्याला ना मोर्चा लागतो ना बुलडोझर.

वाढदिवस अंधारात साजरा करा, असं कुणी म्हणत नाहीये. फुंकर मारायला मेणाची साधी मेणबत्ती दुकानात आहे, आणि कपकेकवर ती एकच मावते.